गाठोडेवाल्या यात्रेकरूची गोष्ट



एखाद्या दिवशी हजेरी घेता घेता तुम्ही एका नावापाशी थबकता. मूल दहा-बारा दिवसांनी शाळेत आलेले असते. घरी आई गेलेली असते. 'हजर' एवढे म्हणून ते खाली बसते आणि पाटीकडे पाहत राहते. तुमच्या हातात खडू असतो, टेबलावर क्रमिक पुस्तक असते. पण या मुलाशी काय बोलावे, हे त्या पुस्तकात कुठेच दिलेले नसते. 'रडू नकोस' म्हणावे, तर न रडण्यासारखे काय आहे? 'आई देवाघरी गेली' म्हणावे, तर ते लगेच विचारते, 'मग परत कधी येणार?' आणि आपण निरुत्तर होतो.

अशा वेळी शहाण्या माणसांनी पूर्वीपासून एक मार्ग धरला आहे. ती गोष्ट सांगतात. दुःखावर व्याख्यान देत नाहीत, गोष्ट सांगतात. आज मी तुम्हांला अशाच एका गोष्टीची हकीगत सांगणार आहे. गोष्ट ख्रिस्ती श्रद्धेची आहे, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. ती मूळची इंग्लंडची. पण मराठीत येऊन तिला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. तिच्यात राक्षस आहे, किल्ला आहे, सिंह आहेत, जादूची वाटावी अशी किल्ली आहे. ती लिहिली मोठ्यांसाठी, पण मुलांनी ती आपली करून टाकली. आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन पुढे मुलांसाठी ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या, त्यांतली एक तर आपल्या मराठी घराघरांत पोहोचली आहे.

आधी लिहिणारा कोण ते पाहू. त्याचे नाव जॉन बन्यन. १६२८ साली इंग्लंडातील बेडफर्ड गावाजवळ एका खेड्यात तो जन्मला. बापाचा धंदा फुटकी भांडी सांधण्याचा. आपल्याकडे कल्हईवाला जसा पाठीवर सामान घेऊन गावोगाव हिंडे, तसा हा मनुष्य हत्यारांचे ओझे पाठीवर घेऊन दारोदार जाई. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. सोळाव्या वर्षी आई वारली आणि पुढच्या महिन्यात बहीणही गेली. म्हणजे आपण ज्या मुलाविषयी बोलत होतो, त्याचे दुःख या माणसाला ठाऊक होते.

पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली. थोरली मुलगी जन्मांध होती. याच काळात त्याला धर्मचिंतनाचा ध्यास लागला आणि तो खेड्यापाड्यांतून प्रवचने करू लागला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून प्रवचन करणे हा गुन्हा होता. नोव्हेंबर १६६० मध्ये त्याला पकडले. 'पुन्हा प्रवचन करणार नाही, एवढे कबूल कर आणि घरी जा,' असे त्याला सांगण्यात आले. तो कबूल होईना. मग बारा वर्षे, १६७२ पर्यंत, तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. घर चालावे म्हणून तुरुंगात बसून तो बुटांच्या नाड्या तयार करून विकी. बायकोमुलांची ताटातूट हाडांवरून मांस ओढून काढावे तशी वाटते, आणि त्यातही त्या आंधळ्या पोरीची आठवण सर्वांत जड जाते, असे त्याने आपल्या आत्मकथेत नमूद करून ठेवले आहे.

या तुरुंगवासात त्याच्या मनात एका यात्रेची गोष्ट आकाराला आली, असे मानतात. पुस्तक १६७८ साली छापले गेले आणि त्याचा दुसरा भाग १६८४ साली निघाला. छापण्याआधी त्याने ते मित्रांना दाखवले, तेव्हा मित्रांत दोन तट पडले. काही म्हणाले, छाप. काही म्हणाले, नको. देवाधर्माची गोष्ट, ती अशी राक्षसांच्या आणि किल्ल्यांच्या कल्पित कथेतून सांगायची म्हणजे सत्यात खोटे मिसळण्यासारखे आहे. हा वाद त्याने पुस्तकाच्या आरंभी स्वतःच मांडला आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की बायबलातही सत्य दृष्टान्तांतून सांगितलेले आहे. मग मी सांगितले तर काय बिघडले?

मित्रहो, या शंकेचे आपल्याला नवल वाटू नये. पण आपल्या चिऊताईचे घर मेणाचे होते आणि काऊचे शेणाचे, हे ऐकताना 'पाखरे घर कशी बांधतील' असे कोणते पोर विचारते? त्याला एवढेच कळते, की पावसात कुणाचे घर वाहून गेले आणि कुणी कुणाला दार उघडले. गोष्ट खोटी असते, पण दाराबाहेर कुडकुडणे खरे असते.

आता गोष्ट ऐका. तिच्यातली माणसे नि गावे यांची नावे गुणावगुणांवरून ठेवलेली आहेत. ती मी या भाषणापुरती माझ्या मराठीत सांगतो.

एक माणूस आहे. अंगावर फाटके कपडे, हातात एक पोथी आणि पाठीवर भले मोठे गाठोडे. हे गाठोडे त्याला खाली ठेवता येत नाही. ते पाठीलाच चिकटलेले आहे. पोथी वाचून त्याला कळले आहे, की आपले गाव एक दिवस जळून जाणार आहे. तो बायकोला सांगतो, मुलांना सांगतो. त्यांना वाटते, याचे डोके फिरले. शेवटी तो एकटाच निघतो. पहिल्याच टप्प्यावर एक दलदल लागते. तिचे नाव निराशेची दलदल. बरोबर आलेला शेजारी चिखल पाहून माघारी फिरतो. आपला यात्रेकरू गाठोड्यासकट रुतत जातो. तेव्हा एकजण येऊन हात देतो आणि त्याला बाहेर ओढतो.

पुढे एक चढाव लागतो. वर एक क्रूस उभा आहे आणि खाली एक रिकामी कबर आहे. यात्रेकरू त्या क्रूसापाशी पोहोचतो मात्र, आणि पाठीवरचे गाठोडे आपोआप सुटते, गडगडत खाली जाते आणि त्या कबरीत पडून दिसेनासे होते. त्याने गाठी सोडल्या नाहीत, कुणाला पैसे दिले नाहीत, काही नवस बोलला नाही. तो नुसता वर पाहतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचे सगळे सार या एका चित्रात आहे. येशू ख्रिस्ताने क्रूसावर मरून माणसाच्या पापाचा भार स्वतःवर घेतला, आणि तो कबरीतून उठला म्हणून कबर रिकामी आहे, असे ते मानतात. हे तत्त्व समजावून द्यायला पंडितांनी जाड ग्रंथ लिहिले. बन्यनने एक गाठोडे डोंगरावरून खाली सोडले. रानातून मोळी डोक्यावर घेऊन आलेली बाई दारात ती टाकते, तेव्हा तिच्या मानेला काय वाटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे चित्र निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पण लक्षात घ्या, गोष्ट इथे संपत नाही. गाठोडे पडले म्हणून वाट सोपी झाली, असे बन्यन म्हणत नाही. पुढे सिंह आडवे येतात. ते साखळदंडांनी बांधलेले असतात, पण अंधारात साखळ्या दिसत नाहीत, नुसते सिंहच दिसतात. एक भयंकर दरी लागते. एक जत्रा लागते, तिथे सगळे पोकळ दिमाखाचे सामान विकायला मांडलेले आहे; ते विकत घेत नाहीत म्हणून या यात्रेकरूंना पकडतात आणि त्याच्या सोबत्याला ठार मारतात. मग दुसरा एक सोबती मिळतो, त्याचे नाव आशावंत.

दोघे थकलेले असतात. वाटेत दगडगोटे फार म्हणून ते कुंपणापलीकडच्या मऊ गवताच्या पायवाटेला लागतात, आणि तिथेच फसतात. त्या रानाचा मालक एक राक्षस आहे. त्याचे नाव निराशा आणि त्याच्या गडाचे नाव संशयगड. तो दोघांना धरून काळोख्या कोठडीत टाकतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही, विचारपूस करणारे कुणी नाही. राक्षस सोट्याने बडवतो, आणि आता जगण्यात काय राम आहे, असे त्यांच्या मनावर ठसवतो. यात्रेकरूचा धीर सुटतो. पण आशावंत त्याला म्हणतो, आणखी एक दिवस थांबू. शनिवारी मध्यरात्री दोघे प्रार्थना करू लागतात. पहाट होता होता यात्रेकरूला एकदम आठवते, 'अरे, मी किती मूर्ख! माझ्या छातीशी एक किल्ली आहे.' त्या किल्लीचे नाव वचन. ती या गडाच्या कुठल्याही कुलपाला लागते. कोठडीचे दार उघडते, अंगणाचे उघडते. वेशीच्या लोखंडी दाराचे कुलूप मात्र फार कठीण जाते, पण तेही शेवटी उघडते.

मुलांना हा भाग फार आवडतो, आणि का आवडतो ते उघड आहे. मोठ्यांना तो आवडतो तो निराळ्या कारणाने. किल्ली बाहेरून कुणी आणून दिली नाही. ती चार दिवस त्याच्याजवळच होती. दुःखात माणूस पहिल्यांदा विसरतो ते हेच. आणि त्याला आठवेपर्यंत तग धरायला सोबतीला कुणीतरी असावे लागते, 'आणखी एक दिवस थांबू' असे म्हणणारे.

यात्रेच्या शेवटी नदी आहे. पलीकडे राजाची सोन्याची नगरी दिसते आहे, पण नदीला पूल नाही, नाव नाही. ही मरणाची नदी. पाण्याची खोली सगळ्यांना सारखी लागत नाही. राजावर ज्याचा जसा भरवसा, तसे ते कमी-अधिक. आपला यात्रेकरू एवढ्या लढाया मारून आलेला, पण पाण्यात पाऊल टाकताच तो घाबरतो, बुडू लागतो. आशावंत त्याचे डोके पाण्याच्या वर धरून ठेवतो आणि धीर देतो, की घाबरू नकोस, माझ्या पायाला तळ लागतो आहे आणि तो भक्कम आहे. असे करत दोघे पैलतीराला लागतात.

दुसऱ्या भागात यात्रेकरूची बायको आणि चार मुले त्याच वाटेने निघतात. त्यांच्याबरोबर सगळी दुबळी माणसे येऊन मिळतात. कुबड्या घेऊन चालणारा एक लंगडा, एक मनाने अधू, एक सदा खिन्न असलेला बाप आणि त्याची घाबरट मुलगी. या भागात एका भित्र्या म्हाताऱ्याची हकीगत सांगितली आहे. त्याला प्रत्येक गोष्टीचे भय. दार वाजवायचे तरी भीती, आत गेल्यावर बसायचे तरी भीती. शेवटी नदीपाशी आल्यावर तो म्हणू लागतो, की आता मी नक्की बुडणार. पण त्याची वेळ आली, त्या दिवशी नदीचे पाणी कधी नव्हे इतके ओसरले होते, आणि तो जेमतेम पाय भिजवून पार झाला. आणि ती घाबरट मुलगी? ती गात गात नदीतून गेली; काय गात होती ते मात्र काठावरच्या कुणालाच कळले नाही.

मित्रहो, तुरुंगात बसून आंधळ्या लेकीची काळजी करणाऱ्या बापाने हे लिहिले आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे या ओळींचे मोल कळते. जे सर्वांत दुबळे, त्यांच्यासाठी पाणी सर्वांत उथळ होते, असे तो सांगतो. शूरांना ही खात्री नसली तरी चालते. पाठीमागे राहिलेल्यांना मात्र ती लागते.

ही गोष्ट मराठीत कशी आली? मुंबईचे हरि केशवजी यांनी तिचे भाषांतर केले आणि ते १८४१ साली 'यात्रिक क्रमण' या नावाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी मराठीत कादंबरी नावाचा प्रकार जन्मलाही नव्हता. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, ते १८५७ सालचे. म्हणजे सोळा वर्षे पुढचे. पद्य, बखरी, पंचतंत्र, हितोपदेश यांवर वाढलेल्या मराठी वाचकाच्या हाती ही एक लांबलचक गद्यकथा पडली.

आणि ती त्याला अगदीच परकी वाटण्याचे कारण नव्हते. यात्रा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी शिकवावे लागत नाही. शेगावहून पालखी निघते, कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. ऊन, चिखल, चढाव, थकलेले पाय, आजारी पडलेल्याला सांभाळून नेणारी दिंडी आणि शेवटी चंद्रभागेचा काठ. बन्यनचा यात्रेकरू एकटा निघतो, आपला वारकरी दिंडीत चालतो. एकाचा क्रूस, दुसऱ्याची वीट. फरक मोठे आहेत आणि ते पुसून टाकू नयेत. पण पाठीवर ओझे, पुढे लांब वाट, शेजारी सोबती आणि शेवटी नदी, हे चित्र दोघांच्याही ओळखीचे आहे.

आपल्या नागपूरचाही या हकिगतीशी संबंध आहे. इंग्रजी राज्य विदर्भात यायच्या आधी, भोसल्यांच्या अमदानीत, १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, या भागातले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या चालीरीती आणि गाणी टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने १८८३ साली निघालेले हिस्लॉप कॉलेज तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या कॉलेजाकडे आपण लवकरच परत येऊ.

नागपूरचा दुसरा धागा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. ते नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून वैदिक वाङ्मयाचे काम करीत होते. १८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता त्यांचे आयुष्य पालटले; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरादाराची, जातीगोतीची काय ताटातूट झाली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावे. पण टिळक म्हणत, की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. म्हणून त्यांनी ख्रिस्ताची गाणी परक्या चालीवर न लिहिता अभंगांत लिहिली. श्रद्धा कोणतीही असो, तिचे सांत्वन माणसाला पोहोचते ते त्याच्या आईच्या भाषेत.

आता हिस्लॉप कॉलेजाकडे परत येऊ. या कॉलेजात मराठी शिकवायला काही वर्षे एक कवयित्री होत्या, शांता शेळके. त्यांचे 'चौघीजणी' हे पुस्तक तुमच्या शाळेच्या कपाटात बहुधा असेल. नसेल तर जरूर मागवा. ते अमेरिकन लेखिका लुइझा मे ऑल्कॉट हिच्या १८६८ सालच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचे भाषांतर. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींनी मराठी मुलींच्या कितीतरी पिढ्यांना हसवले आणि रडवले. पण त्या कादंबरीच्या मुळाशी आपल्या गाठोडेवाल्या यात्रेकरूचीच गोष्ट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मूळ कादंबरीचा पहिलाच प्रसंग आठवा. नाताळ जवळ आलेला, वडील युद्धावर, घरात पैशाची चणचण. मुली कुरकुरत असतात. तेव्हा आई त्यांना लहानपणचा एक खेळ आठवून देते. मुली पाठीवर कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या बांधून घेत. त्या म्हणजे गाठोडी. तळघर म्हणजे जळणारे गाव, आणि तिथून जिने चढत चढत घराच्या माथ्यावर जायचे, ती म्हणजे सोन्याची नगरी. आई म्हणते, तो खेळ आता खराखुरा खेळू. प्रत्येकीचे गाठोडे कोणते ते प्रत्येकीने ओळखावे. कुणाचे रागाचे, कुणाचे आळसाचे, कुणाचे दिमाखाचे. पुस्तकातल्या कित्येक प्रकरणांची नावे बन्यनच्या यात्रेतल्या ठिकाणांवरून दिलेली आहेत.

आणि चौघींतली सर्वांत शांत, सर्वांत लाजाळू बेथ जेव्हा जाते, त्या प्रकरणाला ऑल्कॉटने मृत्युछायेच्या दरीचे नाव दिले आहे. लेखिकेची स्वतःची बहीण एलिझाबेथ १८५८ साली अशीच वारली होती. दहा वर्षांनी ते दुःख कागदावर आणताना तिने लहानपणच्या गोष्टीतली वाट धरली. आपल्या बहिणीच्या मरणाकडे पाहण्याची हिंमत तिला जिने चढून खेळलेल्या खेळाने दिली, असे मला वाटते. बालपणी ऐकलेली गोष्ट मनात अशी बीजासारखी पडून राहते. पाऊस केव्हा पडेल, ते सांगता येत नाही.

हीच परंपरा विसाव्या शतकात आणखी एकाने पुढे नेली. त्याचेही थोडे सांगतो, कारण आपल्या वर्गातल्या त्या मुलाशी त्याचे फार जवळचे नाते आहे. सी. एस. लुईस हा आयर्लंडात जन्मलेला मुलगा. १९०८ साली तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली. आई बरी व्हावी म्हणून त्याने देवाची प्रार्थना केली होती. आई बरी झाली नाही. पुढे त्याची देवावरची श्रद्धा उडाली. बरीच वर्षे तो नास्तिक होता. १९३१ साली तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, आणि दोन वर्षांनी त्याने बन्यनच्याच धर्तीवर एका यात्रेची कथा लिहिली. मग १९५० ते १९५६ या काळात त्याने मुलांसाठी नार्निया नावाच्या कल्पित देशाच्या सात गोष्टी लिहिल्या. त्या देशाचा धनी अस्लान नावाचा सिंह आहे. पहिल्या गोष्टीत तो एका चुकलेल्या मुलाच्या बदली स्वतः मरण पत्करतो आणि पुन्हा उठतो.

या मालेतल्या १९५५ सालच्या पुस्तकात एक मुलगा आहे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तो सिंहाला विनवतो, की माझ्या आईला बरे करणारे काही द्या. इतका वेळ तो सिंहाच्या पंजांकडेच पाहत असतो. मान वर करून तोंडाकडे पाहतो, तर सिंहाच्या डोळ्यांत पाणी. एवढे मोठाले अश्रू, की मुलाला वाटते, माझ्या आईचे दुःख माझ्यापेक्षा यालाच अधिक झाले आहे. लुईसने त्या गोष्टीतल्या आईला बरे केले. स्वतःच्या आईला तो बरे करू शकला नव्हता. सत्तेचाळीस वर्षांनी त्याने त्या नऊ वर्षांच्या पोराला उत्तर दिले, आणि ते उत्तर असे नव्हते, की मागशील ते मिळेल. उत्तर असे होते, की ज्याच्यापाशी तू मागतोस, तो रडतो आहे.

त्याच वर्षी एका अमेरिकन आईचे पत्र आले. आपला लहान मुलगा येशूपेक्षा या सिंहावरच अधिक प्रेम करू लागला आहे आणि हे पाप तर नाही ना, म्हणून तो घाबरला आहे, असे तिने कळवले होते. लुईसने तिला धीर दिला. सिंहाच्या ज्या गोष्टी मुलाला आवडतात, त्या येशूनेच केलेल्या आणि बोललेल्या गोष्टी आहेत. तेव्हा मुलगा प्रेम करतो आहे ते येशूवरच, असा त्याच्या उत्तराचा मथितार्थ होता. बन्यनच्या मित्रांनी काढलेल्या शंकेला जणू तीनशे वर्षांनी हे दुसरे उत्तर मिळाले.

आता तुमच्या-माझ्या कामाचे बोलू. शिक्षक विचारतील, ख्रिस्ती धर्माची गोष्ट आम्ही शाळेत सांगावी काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. पण साहित्य म्हणून गोष्ट सांगणे आणि धर्माची दीक्षा देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्रावणबाळाची गोष्ट ख्रिस्ती मुलाने ऐकावी, करबल्याची हकीगत हिंदू मुलाने ऐकावी आणि बन्यनच्या यात्रेकरूची गोष्ट सगळ्यांनी ऐकावी. मात्र ती ज्यांची आहे, त्यांची म्हणून सांगावी. क्रूस काढून टाकून नुसते गाठोडे ठेवले, तर गाठोडे का पडले तेच कळेनासे होते. 'ख्रिस्ती लोक असे मानतात' हे एक वाक्य सांगितले म्हणजे प्रामाणिकपणाही राहतो आणि गोष्टही राहते.

दुसरे असे, की तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. आपल्याला सवय असते, गोष्ट संपली की 'मुलांनो, यावरून काय बोध घ्याल?' असे विचारण्याची. ऊस पिळून रस काढावा तसा गोष्टीतून बोध काढला, की हाती चिपाडच उरते. सिंहांच्या साखळ्या अंधारात दिसत नाहीत, एवढे सांगा आणि थांबा. ज्याला आज रात्री ते आठवायचे आहे, त्याला ते आठवेल.

तिसरे, खोटा दिलासा देऊ नये. या गोष्टीचा मोठेपणा हाच आहे, की ती नदी टाळत नाही. नदीला पूल आहे असे ती सांगत नाही. आई परत येईल असेही सांगत नाही. ख्रिस्ती माणसाला या गोष्टीत पूर्ण समाधान मिळते, कारण पैलतीर खरोखर आहे आणि तिथे कुणीतरी वाट पाहत उभे आहे, असा त्याचा विश्वास असतो. ज्याचा तसा विश्वास नाही, त्याला तेवढे समाधान मिळेल असे मी म्हणणार नाही. उगाच म्हणू नये. पण आशावंताचा हात त्यालाही मिळतो. बुडणाऱ्याचे डोके पाण्यावर धरून 'माझ्या पायाला तळ लागतो आहे' असे म्हणणारा माणूस, हे चित्र कोणत्याही धर्माच्या मुलाला आपलेसे वाटेल.

आणि शिक्षक मित्रहो, पुष्कळदा तो माणूस तुम्हीच असता. मधल्या सुट्टीत सगळी मुले बाहेर पळतात. ते एक मूल वर्गातच राहते. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसा. विचारपूस फार करू नका. म्हणा, 'एक गोष्ट सांगू का? एक माणूस होता. त्याच्या पाठीवर भले मोठे गाठोडे होते…'

बहुधा ते मूल काही बोलणार नाही. पण राक्षसाच्या गडापर्यंत पोहोचाल, तोवर ते तुमच्याकडे पाहू लागेल. आणि घंटा झाली, गोष्ट अर्धीच राहिली, तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. 'पुढचे उद्या' म्हणून उठा. ज्याला उद्याची वाट पाहावीशी वाटली, तो संशयगडातून एक पाऊल बाहेर पडलाच.